डोंगररांगा आणि हिवाळ्याचा पारा : एका पालकाच्या प्रश्नाचे उत्तर

काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरमधील गोष्ट. कन्नडच्या बाजूस घाटमाथ्यावर ज्यांचे गाव आहे असे एक पालक पाचवीत शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी ब्लँकेट घेऊन रात्री वसतिगृहात आले. ब्लँकेट त्यांनी गुलमंडीवर खरेदी केले होते. ते आमच्या हाती देता देता त्यांनी विचारले, “सर, आमचं गाव डोंगरावर. तिथं पोराला एक गोधडी पुरायची. आता घंटाभरापूर्वी गुलमंडीवर मी नुसत्या सदऱ्यावर फिरत होतो. अन् इथं शाळेत आलो तर हात काकडले. डोंगर वर, शाळा खाली. मग थंडी वर पाहिजे का खाली?”

आम्ही मूळचे इतिहासाचे विद्यार्थी. शिक्षकांची संख्या कमी, म्हणून भूगोलाचे तास आमच्याकडे आले आणि पुढे ते आमचेच झाले. त्या रात्री आम्ही “इथे मोकळे रान आहे, झाडी आहे, म्हणून” असे काहीतरी उत्तर देऊन वेळ निभावून नेली. त्या गृहस्थांनी मान डोलावली. परंतु त्यांचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. त्यानंतर जे वाचले, मुलांना सोबत घेऊन जे पाहिले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि उपासक-उपासिकांसमोर ठेवीत आहोत. त्या एका प्रश्नात तीन ठिकाणे होती : घाटमाथा, गुलमंडी आणि शाळा. तिन्हींचा हिशेब लागल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

शाळेच्या पुस्तकातील नियम आपणा सर्वांना पाठ आहे. समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतसे दर 160 मीटरला तापमान सुमारे 1 अंश सेल्सिअसने घटते. म्हणूनच सुमारे 570 मीटर उंचीवरील आपल्या शहरापेक्षा म्हैसमाळ थंड, आणि उन्हाळ्यात लोक तिकडे धाव घेतात. नियम खरा आहे. पण तो ढवळल्या गेलेल्या हवेचा, सरासरीचा नियम आहे. हिवाळ्यातील निरभ्र, निवांत रात्री तो उलटा होतो. भूगोलात याला ‘तापमानाची विपरीतता’ म्हणतात. आम्ही स्वतः हा शब्द वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतला होता. गुलमंडीचे ब्लँकेट हाती येईपर्यंत तो आपल्याच अंगणात रोज रात्री घडतो आहे, हे मात्र आमच्या ध्यानी आले नव्हते.

घडते ते असे. दिवसभर तापलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता आकाशाकडे सोडू लागते. आकाशात ढग असतील तर ते त्यातील बराच भाग परत खाली पाठवितात. ढग म्हणजे जमिनीची गोधडीच. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे ढग नसतात, हवेत बाष्प थोडे असते, म्हणून जमीन उघडी पडते आणि वेगाने निवते. तिला चिकटून असलेला हवेचा थरही निवतो. थंड हवा जड असते. सपाट रानावर ती जागच्या जागी पडून राहते. डोंगराच्या उतारावर मात्र ती पाण्यासारखी खाली वाहू लागते. त्यांना पर्वतीय वारे म्हणतात. हा वारा इतका मंद असतो की झाडाचे पानही हलत नाही. पण उदबत्ती लावून नाल्याच्या काठी धरली की धूर उताराच्या दिशेने झुकलेला दिसतो. ओघळीतून नाल्यात, नाल्यातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीच्या पात्रात अशी ही थंडी रात्रभर उतरत राहते आणि तळाला साचते. वर उतारावर तिची जागा आसपासची थोडी ऊबदार हवा घेते. म्हणून डोंगराच्या मध्यावर एक ऊबदार पट्टा राहतो आणि पायथ्याशी थंडीचे तळे होते.

महाराष्ट्रात याची सर्वांत परिचित साक्ष महाबळेश्वरला मिळते. गावाच्या बाजारपेठेत पारा 10-12 अंशांवर असतो, आणि तेथून थोड्याच अंतरावर, खोलगट जागी असलेल्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे वृत्त जवळपास दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येते. गाड्यांच्या टपांवर, गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. दुसरी साक्ष निफाडची. सुमारे 1,350 मीटर उंचीचे महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण म्हणून विख्यात. निफाड त्याच्या निम्म्याहून कमी उंचीवर, गोदावरी-कादवेच्या सखल पट्ट्यात. पण थंडीच्या लाटेत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदलेला पारा महाबळेश्वरच्या कितीतरी खाली असतो. पश्चिमेस सह्याद्री, उत्तरेस सातमाळा आणि मध्ये ओलिताची सपाट जमीन. थंडीला मुक्काम करण्यास याहून सोयीची जागा कोणती? पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटविणारा तेथील शेतकरी नुसती ऊब देत नसतो. आगीने हवा वर उठते, खालचा थंड थर आणि वरचा ऊबदार थर एकमेकांत मिसळतात, आणि घडाचे मणी तडकण्यापासून वाचतात. परदेशांत फळबागांतून यासाठीच मोठे पंखे उभारतात. वरच्या हवेत ऊब असते हे तेथे शास्त्रज्ञाने सांगितले, येथे शेतकऱ्याने धुराकडे पाहून ओळखले.

याच कारणाचे टोकाचे रूप सायबेरियात दिसते. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यातील व्हेर्खोयान्स्क येथे 1892 च्या फेब्रुवारीत पारा उणे 67.8 अंशांपर्यंत उतरला होता. त्या रात्री आसपासचे डोंगरउतार गावापेक्षा ऊबदार असणार. आणि साचलेली थंडी एखाद्या वाऱ्याने उधळली तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील स्पिअरफिश गावाचे. 22 जानेवारी 1943 रोजी सकाळी ब्लॅक हिल्स डोंगरावरून उतरलेल्या कोरड्या उष्ण वाऱ्याने तेथील पारा दोन मिनिटांत उणे 20 वरून अधिक 7 अंशांवर नेला. खाली उतरणारी हवा दाबली जाते आणि दर 100 मीटरला जवळजवळ 1 अंशाने तापते. तात्पर्य, डोंगर थंडी साठवतोही आणि उधळतोही.

आता आपल्या शहराकडे येऊ. उत्तरेस लेण्यांचा डोंगर आणि त्यामागे चौक्याच्या बाजूचे डोंगर, दक्षिणेस साताऱ्याचा डोंगर, आणि मधून वाहणारी खाम नदी. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी वसविली ती याच द्रोणात. उत्तरेच्या डोंगरपायथ्याचे पाणी नहरीने शहरात आणता आले, कारण जमिनीला शहराकडे उतार आहे. जो उतार पाण्याला वाट देतो तोच रात्री थंडीलाही देतो. आमच्या इतिहासाच्या वर्गात नहर-ए-अंबरीचा नकाशा काढताना आता आम्ही मुलांना सांगतो की, याच फळ्यावर निळ्या खडूने थंडीची वाटही काढता येईल.

मग गुलमंडी ऊबदार का? गुलमंडी उंचावर नाही, खामेपासून फार दूरही नाही. पण पैठण गेटपासून सराफ्यापर्यंतच्या त्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागलेली आहे. दगड, वीट आणि डांबर दिवसभर ऊन पितात आणि रात्री सावकाश सोडतात. शिवाय अरुंद गल्लीत उभे राहून वर पाहावे तर आकाशाची चिंचोळी पट्टी दिसते. जमिनीतून निघालेली उष्णता आकाशाकडे न जाता समोरच्या भिंतीवर जाते. दुकानांचे दिवे, माणसांची दाटी आणि वाहनांचा धूर वेगळाच. चिकलठाण्याच्या वेधशाळेचा आकडा दुसऱ्या दिवशी छापून येतो तो मोकळ्या रानावरच्या पेटीतील तापमापकाचा. त्यावरून गुलमंडीची रात्र कळत नाही, आणि नाल्याकाठच्या झोपडीचीही कळत नाही.

हे नुसते वाचून भागणार नव्हते. पुढील हिवाळ्यात आठवी-नववीच्या मुलांनी तीन सारखे तापमापक घेतले. आधी तिन्ही एकाच बादलीतील पाण्यात बुडवून पाहिले. एक जरा जास्त दाखवीत होता, तेवढी दुरुस्ती वहीत लिहून ठेवली. मग एक गुलमंडीवरील एका माजी विद्यार्थ्याच्या गच्चीवर, एक शाळेच्या खालच्या अंगाला नाल्याजवळ आणि एक वर पाण्याच्या टाकीपाशी टांगला. शांत, निरभ्र रात्री क्रम कधी बदलला नाही : नाला सर्वांत थंड, टाकी त्याहून ऊबदार, गुलमंडी सर्वांहून ऊबदार. वारा सुटला की नाला आणि टाकी यांतील अंतर नाहीसे होई. एका रात्री ढग आले आणि तिन्ही तापमापक जवळपास सारखे झाले. मुले हिरमुसली, “सर, आज प्रयोग फसला” म्हणाली. वास्तविक त्या रात्रीचीच नोंद सर्वांत मोलाची होती. नाल्याकाठच्या तापमापकाने आणखी एक गोष्ट दाखविली : पहाटे सर्वांत खाली जाणारा पारा दुपारी मात्र टाकीच्या पाऱ्याच्या बरोबरीने, कधी वरही जाई. खोलगट जागी वारा पोचत नाही, म्हणून दिवस-रात्रीतील तफावत तेथे सर्वाधिक असते. डोंगरमाथ्यावर मोकळी हवा ती कमी करते.

येथवर एका रात्रीचा विचार झाला. पण आपल्याकडील हिवाळ्याची खरी खोड म्हणजे आठवड्या-आठवड्याची चढउतार. संक्रांतीला पंखा लावावा आणि माघात पुन्हा गोधड्या काढाव्यात असे अनेकदा होते. डिसेंबर-जानेवारीत आपल्या शहराचे कमाल तापमान साधारण 28-29 आणि किमान 10-12 अंश असते. परंतु उत्तरेची लाट आली की किमान तापमान 2 ते 4 अंशांपर्यंतही उतरू शकते. निजामाच्या राजवटीत, 2 फेब्रुवारी 1911 रोजी, ते 2 अंशांच्या आसपास गेल्याची नोंद आहे. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी प्रदेशात किमान तापमान 10 अंश वा त्याखाली असून ते सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी कमी असेल तर थंडीची लाट म्हणतात. म्हणजे लाट ही नुसत्या थंडीवर नव्हे, नेहमीच्या पातळीपासून झालेल्या घसरणीवरही ठरते.

या चढउताराची किल्ली हिमालयाकडे आहे. सायबेरियाची अतिथंड हवा दक्षिणेकडे निघते तेव्हा पूर्व-पश्चिम पसरलेली ही भिंत तिला थोपविते. कोलकाता आणि चीनमधील ग्वांगझौ जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. पण जानेवारीचे सरासरी तापमान कोलकात्यात सुमारे 20 अंश, तर ग्वांगझौत सुमारे 14. चीनच्या उत्तरेस हिमालयासारखी सलग भिंत नाही. उत्तर अमेरिकेतील मोठ्या रांगा तर उत्तर-दक्षिण धावतात, म्हणून ध्रुवाकडील हवेला दक्षिणेपर्यंत मोकळे मैदान मिळते. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात बर्फ पडून लाखो घरांची वीज गेली ती याचमुळे. डोंगर कोणत्या दिशेला पसरला आहे, यावर माणसाचा हिवाळा ठरतो.

मग आपल्याकडे थंडी येते कोठून? भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ काश्मीर-हिमाचलात हिमवर्षाव करतात. त्यांच्या पुढे दक्षिणेचे दमट वारे व ढग असतात, तेव्हा आपला पारा चढतो. ते पूर्वेकडे सरकले की मागून कोरडे उत्तरी वारे मैदानात उतरतात, आकाश स्वच्छ होते आणि दोन-तीन दिवसांत पारा कोसळतो. एकामागून एक विक्षोभ येत राहतात, म्हणून थंडीही हप्त्याहप्त्याने येते. ती माळव्यातून पुढे सरकते तेव्हा वाटेत सातपुडा असतो. थर उंच असेल तर डोंगर ओलांडून येतो. उथळ असेल तर खिंडी शोधतो. असिरगडाजवळची बऱ्हाणपूरची खिंड ही तशी एक वाट. मोगलांना दख्खनचा दरवाजा वाटली तीही हीच. 1601 मध्ये अकबराने असिरगड घेतला तो त्या दरवाजासाठी. इतिहासाच्या शिक्षकाला असे योगायोग मोह घालतात, हे कबूल. पण फौज काय आणि जड हवा काय, दोघींनाही चढ नको असतो, एवढे खरे.

खानदेशात उतरलेली थंडी तापीच्या खोऱ्यात पसरते. धुळे-जळगावचा पारा घसरल्याच्या बातम्या आधी येतात त्या यामुळे. नंतर तिच्यापुढे सातमाळा-अजिंठ्याची रांग उभी राहते. आपलाच सोयगाव तालुका या रांगेपलीकडे तापीच्या खोऱ्यात आहे आणि कन्नड-सिल्लोड वर पठारावर. एका जिल्ह्यात दोन हिवाळे नांदतात. त्या पालकांचे गाव रांगेच्या माथ्याकडचे, जेथे रात्री थंडी उत्पन्न होते पण थांबत नाही. सह्याद्रीची तऱ्हा आणखी निराळी. तो उत्तर-दक्षिण असल्याने पूर्वेचे वारे त्यावरून कोकणात उतरताना तापतात आणि मुंबईत भर जानेवारीत दुपारी घाम येतो. पण गुजरातेकडून किनाऱ्याने येणाऱ्या उत्तरी वाऱ्याला त्याची आडकाठी नाही. 22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझला 7.4 अंशांची नोंद झाली.

थंडीचा विचार आपल्या परंपरेत नवा नाही. विनयपिटकाच्या महावग्गात चीवरांची संख्या कशी ठरली याचा वृत्तांत आहे. वैशालीजवळ, कडाक्याच्या हिवाळ्यात, तथागत रात्री उघड्यावर बसले. पहिल्या प्रहरी एक चीवर पुरले; तो सरल्यावर थंडी वाजू लागली तेव्हा दुसरे घेतले; मधला प्रहर सरल्यावर तिसरे आणि रात्रीच्या अखेरीस चौथे घ्यावे लागले. मग थंडीने लवकर बाधणाऱ्या भिक्षूलाही तीन चीवरे पुरतील, असा नियम त्यांनी घालून दिला. आधी स्वतः पाहावे, मग नियम करावा, ही रीत तर त्यात आहेच. पण भूगोलाच्या दृष्टीनेही ते निरीक्षण अचूक आहे. जमीन रात्रभर उष्णता गमावत राहते, म्हणून सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाच्या सुमारास असते. आपल्या शहराच्या लेण्यांकडेही या नजरेने एकदा पाहावे. ती पायथ्याला नाहीत, माथ्यालाही नाहीत. उताराच्या मध्यावर, दक्षिणेकडील मैदानाकडे तोंड करून आहेत. 22 डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य येथे क्षितिजापासून 46-47 अंशच वर असतो, त्याचे ऊन दक्षिणाभिमुख ओसरीत खोल शिरते. मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा ते बाहेरच राहते. जागा निवडताना खडक आणि पाणी आधी पाहिले असेल; पण तेथे राहणाऱ्या भिक्षूंना ऊबदार पट्ट्याचा लाभ झाला, हे कोणत्याही हिवाळी पहाटे चढून गेल्यास अंगाला कळते.

आणि आपण? आपल्या शाळेचे सर्वांत जुने वसतिगृह नाल्याच्या काठी आहे. तेवढीच जमीन तेव्हा परवडली, ती सपाट होती आणि विहिरीला पाणी लागले. गावोगावी आपल्या वस्त्यांच्या वाट्याला ओढ्याकाठची, उताराच्या तळची जमीन का आली, हा इतिहास वेगळ्याने सांगण्याची गरज नाही. त्या जमिनीचा पावसाळा आपण जाणतो, तिचा हिवाळाही तसाच असतो, एवढेच तापमापकाने दाखविले. स्वयंपाकघर जवळ म्हणून सर्वांत लहान मुले आम्ही त्याच इमारतीत ठेवीत होतो. मुलांची वही व्यवस्थापनापुढे ठेवली तेव्हा प्रथम कोणी मानायला तयार नव्हते. मग दोन सदस्य एका पहाटे स्वतः नाल्यापासून टाकीपर्यंत चालत गेले. त्यानंतर पाचवी-सहावीची मुले वरच्या इमारतीत गेली, मोठी खाली आली.

आणखी एक चूक मुलांनीच दाखविली. नाल्याच्या बाजूस आम्ही सुरक्षेसाठी पक्की कुंपणभिंत बांधली होती. उतारावरून आलेली थंड हवा तिच्यापाशी अडून बंधाऱ्यातील पाण्यासारखी तुंबत होती. भिंतीच्या तळाशी ओळीने झरोके पाडून जाळ्या बसविल्या. वरच्या अंगाला मात्र दाट झाडांची रांग लावली, म्हणजे येणारी हवा बाजूने वळावी. पहाटे 5 ची आंघोळ हिवाळ्यापुरती 7 वाजता नेली. वंदना त्यानंतर, कोवळ्या उन्हात, पटांगणात होते. पालकांनी घरीही एक गोष्ट पाळावी : बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही.

पुढल्या वर्षी ते पालक पुन्हा आले तेव्हा आम्ही त्यांना भिंतीपाशी नेले आणि झरोके दाखविले. ते वाकून पाहत राहिले, जाळीपुढे हात धरला आणि म्हणाले, “म्हणजे पाण्यावानीच की. मग आमच्या वावरातली तळची पट्टी दरसाल करपते, तिचा बांध बी फोडून बघतो.” मुलाचे ब्लँकेट त्यांनी परत नेले नाही, वरच्या इमारतीतही ते लागतेच.